बुट्टी काय काम करते?

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार. वडगाव, बेळगाव.

रचना निपाणीहून आली आणि चहा व्हायच्या आत पिशवीतून कागद काढले. परीक्षा देऊन ती विम्याची एजंट झाली, हे मला माहीत होतं. मला वाटलं मोटरसायकलींचा विमा असेल. तर हा कुत्र्यामांजरांचा.

"आप्पा, पहिली पॉलिसी तुमच्या बुट्टीची करायची."

बुट्टी म्हणजे आमच्या शेडमधली मांजर. पांढरी, आणि पाठीवर साडीवरच्या बुट्टीसारखा एकच काळा ठिपका. चार पॉवरलूम आहेत, रेशमाचा माल पडून असतो, उंदीर येतात. त्यासाठी ठेवली आहे, लाड करायला नाही. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन रचना निपाणीला गेली, त्याच पंधरवड्यात ही कुठूनशी येऊन राहिली. योगायोग.

मी विचारलं, "मुदत संपल्यावर बोनससकट किती परत?"

"परत काय मिळत न्हाय. वर्षभरात तिला अपघात झाला, मोठं दुखणं आलं, तर दवाखान्याचा खर्च कंपनी देती. काय झालं न्हाय तर हप्ता गेला."

"म्हंजे ती धडधाकट राहिली की आपलं नुकसान."

"धडधाकट राहिली ह्यात नुकसान कसलं वो?" अक्काताई म्हणाली. बायको माझी, पण मुलगी घरात आली की पार्टी बदलते.

मी नको म्हणून सांगितलं. रचना गेल्यावर सापळा बघितला, दोन उंदीर सापडले होते. बुट्टी असल्यामुळे उंदीर कमी आहेत. आत्ता ती याच पानावर बसली आहे, म्हणून कडेकडेनं लिहितोय.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

माग बंद. आडवं सूत नेणारे धोटे, कात्र्या, नट पिळायचे पाने, तेलाची बुधली, सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडलं आणि हळदकुंकू लावलं. शेडमध्ये जे जे राबतं त्याची आज पूजा करायची, अशी आमच्यात रीत. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचा रचनाचा रहाटही माळ्यावरून काढला. आता कांड्या मोटरवर भरतात, तीन वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नाही. पण अवजार बिनपूजेचं ठेवू नये. आठव्या वर्षापासून ती त्यावर बसायची. तिनं भरलेली कांडी कधी सैल निघाली नाही. हे तिला कधी सांगितल्याचं आठवत नाही, सांगायचं काय त्यात, कांडी घट्टच असायला पाहिजे.

बुट्टी रहाटाशेजारच्या कांड्यांच्या टोपलीत जाऊन बसली. राबणाऱ्यांच्या ओळीतच बसली म्हणून तिच्याही कपाळाला बोट लावलं. शेजारच्या शेडचा भरमू आला होता. त्यानं मोबाईलवर फोटो काढला. "केदारी, दोन कामगार हुते, आता तीन झाले. मस्टरवर नाव घाल," मला म्हणाला.

संध्याकाळी रचनाला फोन करून फॉर्म पाठवायला सांगितलं. मुलीचं पहिलं गिऱ्हाईक कुणीतरी व्हायलाच पाहिजे.

६ ऑक्टोबर, सोमवार.

विम्यापेक्षा लग्न जमवणं सोपं. वयाचा आणि तब्येतीचा डॉक्टरांचा दाखला, लशीचं कार्ड, चारी बाजूंनी फोटो. डॉ. दिग्विजयांनी दाखला दिला. कार्ड तयारच होतं, लस मी दरवर्षी न चुकता देतो. शेडमध्ये माणसं असतात, बोचकारलं तर भानगड नको.

रचना फोनवर म्हणाली, "खरं तेच लिवा. खोटं निघालं तर कायबी मिळत न्हाय." बापाला शिकवते. सातवा रकाना असा होता: प्राणी कशासाठी पाळला आहे? मी लिहिलं, 'पॉवरलूम शेडमधील मालाची उंदरांपासून राखण करण्यासाठी.' अक्षर चांगलं आलं. चार फोटोंबरोबर खंडेनवमीचाही जोडला. तो सगळ्यात छान आला होता.

पाकीट बंद करून मी स्वतः इथल्या शाखेत नेऊन दिलं. रचनाकडून पाठवलं असतं तर लोक म्हणाले असते, घरच्या घरात उरकलं.

११ ऑक्टोबर, शनिवार.

निपाणीला जाऊन आलो. रचनानं दाराशी पाटी लावली आहे. एक शालूबाई म्हणून सदलग्याच्या बाई आल्या होत्या. रचना त्यांना समजावत होती. पहिले तीस दिवस आजारपणाचे पैसे मिळत नाहीत, आधीचं दुखणं धरत नाहीत, बिलातला पहिला थोडा वाटा आपला. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदाही आवाज चढला नाही. माझा चढला असता.

शालूबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्ये कोन?"

मी म्हटलं, "हिचा बा. ही आमची कांडीवाली. लई कांड्या भरल्यात हिनं."

बाई हसल्या. रचना चहा आणायला आत गेली ती बऱ्याच वेळानं आली. चहा गार झाला होता. कामाचा ताण असेल.

येताना बसमध्ये शेजारी एक तंबाखूचे व्यापारी बसले होते. त्यांना सांगितलं, माझी मुलगी विम्याची अधिकारी आहे, पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली, घरात आमच्या दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. संकेश्वर येईपर्यंत पुढच्या सीटवरच्या दोघांनाही सांगून झालं. माझा ऊर भरून आला होता, आणि अनोळखी माणसांपुढं बोलायला काही वाटत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार.

बुट्टीला शिंका. रचनाला फोन केला तर म्हणे, पॉलिसीला तीस दिवस झाले नाहीत. कंपनी शिंकांच्या तारखा बघते. औषध आणलं. सुताच्या उडणाऱ्या कसरीनं होत असेल म्हणून दोन माग दुपारपर्यंत बंद ठेवले. मागांनाही कधीतरी विसावा पाहिजे.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

बुट्टीला दवाखान्यात ठेवलंय. झालं ते लिहितो.

करंट गेला की प्रत्येक मागाचं बटण बंद करायचं, हे मी चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवत आलो. आज दुपारी करंट गेला. तीन बटणं बंद केली आणि भरमूनं हाक मारली म्हणून बाहेर गेलो. चौथं राहिलं. माग थांबला की त्याच्या खाली ऊब असते, बुट्टी तिथं जाऊन निजते. करंट आला आणि मोटर आपोआप फिरली. तिचा मागचा उजवा पाय पट्ट्यात सापडला.

ती ओरडली नाही. मी धावत आत आलो तर नुसती माझ्याकडे बघत राहिली.

टॉवेलात गुंडाळून रिक्षानं नेली. मांडीचं हाड मोडलं आहे, सळी घालावी लागेल, असं डॉ. दिग्विजय म्हणाले. रचनाला फोन लावला आणि अक्काताईकडे दिला. रचना तिला म्हणाली, "अपघाताला तीस दिवसांची अट न्हाय, आप्पांना सांग. कंपनीला आजच्या आज कळवायला लागतंय, त्ये मी बघते. एक्स-रे, बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळे मूळ कागद ठेवा. पायाचा फोटो काढा."

माझ्याच्यानं तो काढवला नाही. अक्काताईनं काढला.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

ऑपरेशन झालं. बुट्टी घरी आली. रहाट आणि त्याची टोपली घरात आणून तिला टोपलीत ठेवलं आहे. मी हातानं भरवलं तरच खाते. चौथा माग बंदच आहे, त्याचं वायरिंग बघायचं आहे.

रचना दोन दिवस येऊन राहिली. क्लेमचा फॉर्म मी सांगितला, तिनं भरला. बटणाचं लिहायचं का म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "झालं त्ये लिवायचं. चूक झाली म्हणून पैसे नाकारत न्हाईत, लपवलं म्हणून नाकारतात." मी लिहायला सांगितलं. खाली सही केली.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती टोपलीशेजारी बसून रहाटाचं चाक उगीच फिरवत होती. मी म्हटलं, कांडी नसताना फिरवू नको, आस झिजतो. ती उठून गेली.

३ डिसेंबर, बुधवार.

नामंजूर. कंपनीचं पत्र आलं. अर्जातल्या माझ्या निवेदनावरून आणि जोडलेल्या फोटोवरून प्राण्याचा वापर धंद्यासाठी होत असल्याचं दिसतं, अपघातही धंद्याच्या जागी झाला, आणि ही पॉलिसी फक्त घरी पाळलेल्या प्राण्यांसाठी आहे. फोटो म्हणजे खंडेनवमीचा. धोट्यांच्या ओळीत कुंकू लावून बसलेली बुट्टी.

रचनानं फोनवर विचारलं, "आप्पा, सातव्या रकान्यात काय लिवलासा?"

मी वाचून दाखवलं.

"पाकीट बंद करायच्या आधी मला एकदा दाखवायचं हुतं की."

"खरं लिव म्हणालीस, खरं लिवलं."

मग तिनं सांगितलं. निपाणी-सदलग्यात मिळून आठ जणांनी तिच्याकडून पॉलिसी घेतली आहे आणि आठही जण बुट्टीचं काय झालं म्हणून विचारतात. एजंटच्या बापालाच मिळालं नाही तर आपल्याला काय मिळणार, असं शालूबाई तोंडावर म्हणाल्या. "ह्ये न्हाय झालं तर मी ह्ये काम सोडते, आप्पा. लोकांच्या तोंडाकडं बघता येत न्हाय."

दवाखान्याचे पैसे गेले तर गेले, मी कमावतो अजून. पण तिनं रात्री जागून अभ्यास केला होता. माझ्या एका ओळीनं तिची पाटी उतरणार असेल तर मी काय तोंड दाखवू?

५ डिसेंबर, शुक्रवार.

शाखेत गेलो. नीलम मॅडम म्हणून तिथल्या साहेब आहेत. "बर्री, कूडर्री," म्हणजे या, बसा, असं कानडीतून म्हणत खुर्ची दिली आणि पुढचं मराठीत बोलल्या. बाई सरळ वाटल्या.

"शेतातले, कारखान्यातले राबणारे प्राणी असतात, त्यांचा विमा वेगळा," म्हणाल्या. "आता मला सांगा, ही झोपते कुठं?"

"माझ्या पायथ्याशी."

"खाते काय?"

"आमच्यातलंच. शुक्रवारी मासळी."

"आणि उंदीर? वर्षात किती धरले?"

"डायरीत बघून सांगतो," मी म्हटलं.

त्या म्हणाल्या, "फेरविचाराचा अर्ज द्या. ती घरात कशी राहते ते लिहा. पण नुसतं आता लिहून चालणार नाही. अपघाताच्या आधीचं काहीतरी पाहिजे, तारखेचं."

घरी येऊन ही डायरी जानेवारीपासून उघडली. सूतवाला दरवर्षी एक देतो, त्यात सापळ्याचा हिशेबही मी लिहितो. सापळ्यात सापडलेले उंदीर एकशे बारा. बुट्टीनं धरलेले, शून्य.

दोनदा मोजलं.

अक्काताईला सांगितलं तर ती भांडी घासत म्हणाली, "तुम्हाला आज कळालं व्हय?"

७ डिसेंबर, रविवार.

अर्ज लिहिताना दोन कागद फाडले. पहिल्यात उंदरांचं लिहिलं, ते खोटं. दुसऱ्यात माझ्या चुकीची माफी मागितली, त्यात बुट्टी राहिलीच. शेवटी जे झालं ते इथं उतरवून ठेवतो.

'महोदय, सातव्या रकान्यात मी लिहिलं ते मला खरं वाटत होतं. डायरी बघितली तेव्हा कळलं की या मांजरानं वर्षभरात एकही उंदीर धरलेला नाही. ती राखण करत नाही. मी शेडमध्ये असतो म्हणून ती शेडमध्ये असते, आणि मी जेवायला उठलो की माझ्या आधी घरात येते. तिला काही काम नाही. काम नसलं तरी ती आमची आहे. आम्ही विणकर माणसं. आपलं कोण हे सांगायची वेळ आली की तो काय काम करतो एवढंच आम्हाला सांगता येतं. माया आहे म्हणून लिहायला जीभ आणि हात दोन्ही वळत नाहीत. त्यामुळे चूक झाली. ती माझ्या मायेची आहे, एवढंच सातव्या रकान्यात लिहायचं होतं.'

रचना सकाळच्या बसनं आली होती. तिनं अर्ज उभ्यानंच वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा वरपासून वाचला आणि रडायला लागली. मांजराच्या अर्जात एवढं रडण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. क्लेमची काळजी तिला फार आहे.

पुरावा म्हणून डायरीच जोडू या, असं तीच म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. डायरी काय दुनियेला दाखवायला लिहितात? अक्काताई म्हणाली, "मग राहू दे की पोरगीचं काम." बुट्टीच्या चार पानांत चिठ्ठ्या घातल्या. सप्टेंबरातलं कडेकडेनं लिहिलेलं पान, शिंकांचं पान, आणि जून-जुलैमधली दोन, एकात ती हरवली म्हणून मी अनगोळपर्यंत चालत शोधत गेलो होतो. रचनाला बजावलं, "एवढ्याच चार पानांची झेरॉक्स. बाकी उघडायचं न्हाय."

"व्हय आप्पा," म्हणाली आणि डायरी पिशवीत घातली. निपाणीला नेऊन, झेरॉक्स करून, अर्जासोबत पाठवते म्हणाली. आजचं हे मी वहीच्या कागदावर लिहितोय. डायरी आली की चिकटवीन.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

जावई साडीच्या कामाला इकडं आले होते, त्यांच्याबरोबर डायरी परत आली. चार चिठ्ठ्या घातल्या होत्या, पाच निघाल्या. पाचवी ११ ऑक्टोबरच्या पानात होती. त्या पानावर तर बुट्टीचं नावसुद्धा नाही, निपाणीची बस आहे नुसती. बसच्या धक्क्यानं कागद सरकला असेल.

हल्ली रचना रोज संध्याकाळी फोन करते. आधी आईला मागायची. आता मला मागते. काय खाल्लंत, माग किती चालले, असलं काहीही विचारते. मी उत्तरं देतो. फोन ठेवावासा वाटत नाही.

२१ डिसेंबर, रविवार.

टाके कधीच काढले होते, आज बुट्टी टोपलीतून आपणहून उतरली. तीन पाय टेकवून उभी राहिली, चौथा नुसता लावून बघितला, आणि घरभर फिरली. मी मागोमाग फिरलो. अक्काताई म्हणाली, नातवंडाचं पहिलं पाऊल असल्यागत चाललंय.

चौथा माग आज सुरू केला. चारी बटणांवर लाल रंगानं खुणा केल्या आहेत आणि शेडचं दार लावून मगच बटण दाबायचं असा नियम केला आहे. पहिला मोडणारा मीच असेन म्हणून भरमूला लक्ष ठेवायला सांगितलं आहे.

कंपनीकडून काही नाही.

३१ डिसेंबर, बुधवार.

काल संध्याकाळी नीलम मॅडमचा फोन आला. मंजूर. बिलातला आपला वाटा वगळून बाकी सगळं मिळणार. वरच्या ऑफिसात कुणालाही मराठी येत नव्हतं, म्हणून मॅडमनाच चारही पानं फोनवर कानडीत सांगावी लागली. अनगोळपर्यंत चालत गेलो त्या पानापाशी पलीकडचे साहेब म्हणाले, पुरे.

रचना आज सकाळीच आली. शालूबाईंना तिनं मंजुरीचं पत्र रात्रीच मोबाईलवर पाठवलं होतं. बाईंनी ते सगळं वाचलं, मग बहिणीच्या कुत्र्याचंही करून टाक म्हणाल्या. पाटी उतरवायचं नाव आता कुणी काढत नाही.

दुपारी भरमू त्याच्या मेहुण्याला घेऊन आला. भावकू नाव, खानापूरकडचा, शेतावर कुत्रा आहे. रचनानं त्याला आधी सातव्या रकान्याचं सांगितलं. शेत राखायला ठेवला असेल तर तसंच लिहा, त्याचा विमा वेगळा असतो, तो काढून देईन. माझ्याकडे बघून जरा हसली. मग भावकू शेड बघत हिंडला. रचना तोवर घरात रहाटापाशी बसली होती. मीच तिला सुताची एक लड दिली होती, हात विसरलीस का बघू म्हणून. विसरलेली नाही. चाक फिरत होतं, बुट्टी धाग्यावर डोळा ठेवून बसली होती.

शेडमधून आल्यावर भावकूनं मला विचारलं, "एजंटबाई रहाट बी चालवत्यात? तुमच्याकडं कामाला हुत्या व्हय?"

मी म्हटलं, "न्हाय. ही आमची..."

कांडीवाली, हा पुढचा शब्द तोंडात तयार होता. पन्नास वेळा म्हटलेला. बुट्टीच्या कपाळावर कुंकवाचं बोट लावलं होतं ते का कुणास ठाऊक डोळ्यापुढं आलं. मी थांबलो. शेडमध्ये माग चालू होते, म्हणून जरा मोठ्यानं बोलावं लागलं.

"ही माझी मुलगी. लई गुणाची हाय. अभ्यास करून अधिकारी झाली. कांड्या भरायची, त्या कधी सैल निघाल्या न्हाईत."

रहाट थांबला. रचना मान खाली घालून बसून राहिली. भावकू बरं बरं म्हणून कात्र्या बघायला गेला. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही.

थोड्या वेळानं ती उठली, माझ्या पाया पडली आणि चारची बस आहे म्हणून निघाली. मी स्टँडपर्यंत गेलो. बस सुटेपर्यंत तिच्या खिडकीपाशी उभा राहिलो, बरं वाटत होतं.

डायरीचं हे शेवटचं पान. तिनं भरायला घेतलेली कांडी अर्धीच राहिली आहे. अर्धी कांडी मागाला चालत नाही, एरवी मी सूत उलगडून परत घेतलं असतं. ती तशीच टोपलीत ठेवली आहे. येत्या खंडेनवमीला त्या कांडीला कुंकू लावायचं. फोटो मात्र काढणार नाही.